पायऱ्यांखालचा गाळ

आक्काला गाळाचा राग होता. भावकीतल्या एखाद्या माणसाचा धरावा तसा, वर्षानुवर्षं जपलेला राग. सकाळी मागच्या दाराशी उभी राहून ती नदीकडे बघायची आणि म्हणायची, "बसलाय बघा मेला, पाय पसरून."

मागच्या दाराबाहेर अरुंद बोळ होता, बोळाच्या टोकाला दगडी पायऱ्या आणि पायऱ्यांच्या पायथ्याशी नदी. तिच्या लहानपणी शेवटच्या पायरीला मोठी नाव लागायची. भाजीच्या टोपल्या, सायकली, शाळेची पोरं, एखादी नवी नवरी, सगळं त्या नावेतून इकडचं तिकडे व्हायचं. नाव पायरीला टेकली की लाकडाचा एक जाड, पोटातून आल्यासारखा आवाज व्हायचा, आणि तो कानावर पडला की आईचं अर्धं लक्ष चुलीवरून उठून दाराकडे जायचं. मग मोठा पूर आला. पुराच्या धास्तीने वरच्या अंगाला बांध घातला गेला, नदीचा जोर ओसरला आणि पायऱ्यांपुढे गाळ साचू लागला. नावेचं पोट आधी नुसतं घासायचं, मग ती एकदा रुतूनच बसली. त्यानंतर नावाड्याने या काठाकडे पाठ फिरवली.

समोरच्या काठावर आक्काची धाकटी बहीण राहत होती. तिचं घर इथून दिसायचं. रोज सकाळी ती कठड्यावर पिवळा पंचा टाकायची. म्हणजे 'मी ठीक आहे'. आक्का आपल्या खिडकीत निळा टाकायची. फोन होते दोघींकडे, पण धाकटीला ऐकू कमी येई. फोनवर ती फक्त "काय?" म्हणायची आणि आक्का ओरडून ओरडून घसा बसवून घ्यायची. पूल होता, पण पार खाली, आणि तिकडचा रस्ता नुसता वळणांचा. गाडीत बसलं की आक्काच्या पोटात ढवळायला लागायचं. मागे एकदा भाचीने मोटारीतून नेलं होतं, तर पोचल्यावर दोन दिवस उलट्यांत गेले आणि तिसऱ्या दिवशी परतायची वेळ झाली. धाकटी तर खुब्याचं हाड मोडल्यापासून उंबऱ्याबाहेर फारशी पडत नव्हती. पाण्यावर मात्र आक्काला कधी काही झालं नव्हतं. नावेत ती अशी बसायची की जणू घरच्या झोपाळ्यावर.

म्हणून गाळ काढायचा, नाव परत आणायची, हे आक्काने मनावर घेतलं होतं. तिने आणि गल्लीतल्या शिंप्याने मिळून नगरपालिकेचे उंबरे झिजवले. शिंप्याची बायको पलीकडच्या काठची. तो म्हणायचा, "सासुरवाडी समोर दिसते आणि जाता येत नाही, यासारखं सुख नाही, आक्का. पण तुमच्यासाठी मी त्याचाही त्याग करतो." अखेर नगरपालिका हो म्हणाली. मशीन येईल, गाळ उपसेल, पायऱ्या मोकळ्या करेल. एकच अट होती. उपसण्याआधी गाळात कारखान्याची रसायनं आहेत का, ते तपासायचं.

आणि तपासायला आली ठकी.

ठकी म्हणजे धाकटीची मुलगी. लाकडी ठकी बाहुलीसारखी गोल डोळ्यांची म्हणून लहानपणी नाव पडलं ते चाळिशी आली तरी चिकटून होतं. ती नदीखात्याच्या प्रयोगशाळेत होती. प्रयोगशाळा आक्काच्याच रस्त्याच्या टोकाला, त्यामुळे कामाचे दिवस ती मावशीकडेच राहायची आणि सुट्टीला मोटारीने आईकडे जायची.

"घरचीच परीक्षक आली की हो," शिंपी म्हणाला.

"म्हणून तर नापास व्हायची भीती जास्त," आक्का म्हणाली. "तिला ओळखत नाही तुम्ही. लहानपणी लाडू वाटायला दिले तर स्वतःचा लहान निघाला म्हणून मोडून परत वळायची."

नमुने घ्यायच्या दिवशी आक्का शेवटून दुसऱ्या पायरीवर स्टूल टाकून बसली. ठकीने खात्याची होडी आणली होती. चपट्या बुडाची, पत्र्याच्या परातीसारखी, वल्ह्याऐवजी लांब बांबूने रेटायची. एक सहकारी बांबू धरून उभा राहिला. ठकीने हातातल्या बांगड्या, बोटातली अंगठी, सगळं काढून आक्काच्या ओच्यात टाकलं.

"हे कशाला गं?"

"गाळात धातू शोधायचेत, मावशी. माझ्या अंगठीचाच कण पडला तर मशीन मलाच चोर ठरवेल."

"आणि तो डाव प्लास्टिकचा, तो पण त्यासाठीच?"

"हो. आपण धातू शोधतो तेव्हा प्लास्टिकचा. तेलासारखी रसायनं शोधायची असली की उलट, प्लास्टिक चालत नाही, मग स्टीलचा."

आक्काला हे फार आवडलं. काय शोधायचं त्यावर कशाने शोधायचं हे ठरतं. तिने ते मनात घोळवलं आणि पुढचा प्रश्न काढला. पांढरी नळी का? आत ढकलायची कशी? गाळ खाली सांडत कसा नाही? ठकी उत्तरं देत होती आणि काम करत होती. हातभर लांबीची पांढरी जाड नळी तिने गाळात उभी धरली, वर लाकडाचा ठोकळा ठेवला आणि हळूहळू दाबत नेली. नळी आत गेल्यावर वरचं तोंड बुचाने घट्ट बंद केलं.

"आता वरून हवा जाणार नाही, म्हणून खालून गाळ सुटणार नाही," ती म्हणाली. "पाण्याच्या पेल्यात नळी घालून वर बोट ठेवायचो ना आम्ही लहानपणी, तू रागवायचीस. तसंच."

"रागवायचे, कारण तू ते पाणी तुझ्या बहिणीच्या मानेवर सोडायचीस."

नळी बाहेर आली ती ओघळ सोडत, जुन्या आडातून काहीतरी काढावं तशी. ठकीने खालच्या तोंडालाही तसंच निळं बूच लावलं, एका टोकाला लाल चिकटपट्टीचा वेढा दिला आणि नळी होडीत उभी केली. अशा तीन नळ्या झाल्या. दोन मधल्या धारेतल्या, त्यांत निम्मे गोटेच आले. पायऱ्यांसमोरची नळी तेवढी शिगोशीग भरली.

"या नळीत काय असतं ठाऊक आहे?" ठकी म्हणाली. "नदी रोज थोडा थोडा गाळ टाकते. खालचा जुना, वरचा नवा. या एका नळीत तुझ्या लहानपणापासून आजपर्यंतचं सगळं असेल."

आक्का नळीकडे बघतच राहिली. आतलं काही दिसत नव्हतं. म्हणजे त्या पांढऱ्या नळीत आपण कुठेतरी मध्ये आहोत, असं तिला वाटलं आणि गंमत वाटली. तिला आठवलं, वरच्या वळणाला रंगाचा कारखाना होता तेव्हा नदी रोज वेगळ्या रंगाची यायची. सकाळी पोरी पायऱ्यांवर पैज लावायच्या. आज जांभळी. नाही, आज हिरवी. धाकटीची पैज नेहमी बरोबर यायची, कारण ती आदल्या संध्याकाळी कारखान्याच्या भिंतीवर वाळत घातलेलं सूत बघून यायची. हे आक्काला फार उशिरा कळलं.

इतकं सगळं विचारलं तिने त्या दिवशी. लाल पट्टी कशाला, एवढंच विचारायचं राहून गेलं.

नळ्या नेणारी गाडी दुपारी यायची होती. ठकी प्रयोगशाळेत जागा करायला पुढे गेली आणि नळ्या ओसरीच्या कोपऱ्यात उभ्या राहिल्या. त्यांच्या अंगावरचा चिखल वाळून खपल्या पडायला लागल्या. आक्काचं घर असं होतं की दारात आलेल्या पोस्टमनच्या चपलांवरही ती आधी नजर टाकायची. तिने फडकं ओलं केलं आणि एकेक नळी आडवी करून पुसून काढली, बुचांसकट. पायऱ्यांसमोरची नळी पुसताना लाल पट्टी सुटून फडक्याबरोबर आली. आक्काने ती झटकली, सुकवली. आता कुठे लावायची? नळीचं एक टोक स्वच्छ होतं, दुसऱ्याच्या बुचाखाली अजून काळं काळं बसलं होतं. लाल म्हणजे जपून. तिच्या स्वयंपाकघरात उंदराच्या औषधाच्या डबीला लाल दोरा होता, अ‍ॅसिडच्या बाटलीलाही. घाणीकडचं टोक दाखवायलाच लावली असणार, असं म्हणून तिने काळ्या टोकाला पट्टी नीट, सुरकुती न पडू देता लावली. मग तेही टोक इतकं लख्ख पुसलं की दोन्ही टोकं सारखी दिसायला लागली. नळ्या पुन्हा उभ्या केल्या. गाडी आली, घेऊन गेली. आक्काने ओसरी धुतली.

पुढच्या आठवड्यात ठकी जेवताना गप्प गप्प असायची. ती लहानपणी गणित अडलं की असंच करायची, घास हातात आणि डोळे भिंतीवर.

"वाईट निघालं का?" आक्काने विचारलं.

"वाईट नाही. म्हणजे तुझ्या दृष्टीने चांगलंच. क्रोमियम आहे, शिसं आहे, पण सगळं वरच्या थरात. खालचा गाळ स्वच्छ. वरचा थर काळजीपूर्वक काढून नेला की काम झालं. उपसायला उलट मदतच होईल."

आक्काचा हात ताटावरच थांबला. "मग नाव येणार?"

"येईल असं दिसतंय."

"मग तोंड का असं सुरळीसारखं?"

ठकीने भाताचं शीत बोटाने इकडून तिकडे सरकवलं. "कारण वरचा थर म्हणजे नवा थर, मावशी. रंगाचा कारखाना बंद होऊन किती वर्षं झाली. मग ही घाण आत्ता कोण टाकतंय? शिवाय वरचा गाळ नेहमी सैल असतो, पाणीदार. इथे वरचा घट्ट आणि खालचा पाणीदार. असं मी कधी बघितलं नाही. गाडीत हलल्यामुळे पाणी खाली उतरलं असेल, असं मनाला समजावलं मी. पण पटत नाही."

ठकीला पटत नव्हतं, पण गल्लीला पटायला वेळ लागला नाही. वरच्या थरात रसायनं, म्हणजे कोणीतरी हल्लीच सोडतंय. नदीकाठी हल्ली रसायनं वापरणारा कोण? लाँड्रीवाला. वरच्या वळणावर त्याचं दुकान, मागे कपडे रंगवायच्या दोन कढया, सांडपाण्याचा पाइप थेट नदीकडे. ठकी दुसऱ्याच दिवशी त्याच्या पाइपाखालचा गाळ घेऊन आली. त्यात साबणाखेरीज काही निघालं नाही, आणि तसं तिने सांगितलंही. पण पालथ्या घड्यावर पाणी. लोक म्हणाले, सावध झाला असेल, आधीच धुऊन टाकलं असेल. धुण्यात तर त्याचा हातखंडाच.

शिंपीसुद्धा म्हणाला, "आक्का, मी त्याच्याकडे टाकलेल्या शर्टाचा रंग गेला तेव्हाच ओळखायला हवं होतं. तो रंग कुठेतरी जाणारच."

आक्का हसली. नाव येणार होती. तिने पेटीतली मऊ शाल काढून उन्हात टाकली. पाण्यावर वारा असतो.

ठकी मात्र डोकं खाजवत राहिली, आणि तिला डोकं खाजवताना बघून आक्कालाही चैन पडेना. हे प्रकरण आहे तरी काय, एकदा डोळ्यांनी बघू, असं म्हणून ती एका दुपारी, वाटेत दोनदा कट्ट्यावर टेकत, प्रयोगशाळेत गेली.

तिला वाटलं होतं, चकचकीत काहीतरी असेल. तर ते स्वयंपाकघरच निघालं. गाळ वाळवायला ओव्हन, कुटायला पांढरा खल, चाळायला एकावर एक बसणाऱ्या चाळण्या, तोलायला काचेच्या पेटीतला काटा, ज्याच्यासमोर श्वासही बेताने घ्यायचा. कोपऱ्यात धूर ओढून घेणारं कपाट होतं, त्यात गाळ अ‍ॅसिडमध्ये उकळत होता.

"आणि चव कोण बघतं?" आक्काने विचारलं.

"ते यंत्र." ठकीने बोट दाखवलं. "गाळातलं सगळं उतरलेलं अ‍ॅसिडचं पाणी त्याला पाजलं की ते सांगतं, शिसं किती, क्रोमियम किती."

टेबलावर छोट्या ताटल्या ओळीने मांडल्या होत्या. नळीतला गाळ दट्ट्याने बाहेर ढकलत ठकीने त्याच्या चकत्या केल्या होत्या, काकडीच्या कराव्यात तशा, आणि प्रत्येक चकती वेगळी वाळवली होती. डावीकडे वरची, उजवीकडे खालची. आक्काने चष्मा पुसला आणि डावीकडून बघत निघाली. आधी काळपट, चिकणमातीसारख्या. कुठे एखादी जांभळट झाक. पुढे एकदम जाड, चमचमणारी वाळू. त्यापुढे उजवीकडे टोकापर्यंत मऊ, करडी, पिठासारखी माती.

वाळूच्या ताटलीपाशी ती थांबली. "हात लावू?"

"लाव. तिचं मोजून झालंय."

चिमूट बोटांत चोळली आणि आक्का तिथल्या तिथे चाळीस-पन्नास वर्षं मागे गेली. ही वाळू तिने फावड्याने घरातून काढली होती. मोठ्या पुराची वाळू. पिठाच्या डब्यात, गादीच्या शिवणीत, आईच्या केसांत, सगळीकडे हीच चमचम. पाणी चढलं तेव्हा सगळी गल्ली कुठे गेली होती? वरच्या वळणावर, रंगाच्या कारखान्यात. उंचावर होता आणि रिकामा होता. बंद पडून वर्ष दोन वर्षं झाली असतील. तिथे रिकाम्या हौदांच्या काठावर बसून धाकटीने तिला सुताची ती लबाडी पहिल्यांदा कबूल केली होती आणि दोघी भिजलेल्या अंगाने वेड्यासारख्या हसल्या होत्या.

कारखाना बंद झाला, मग पूर आला, मग बांध झाला, मग गाळ साचला. ताटल्यांची ओळ मात्र डावीकडून सांगत होती, म्हणजे वरून खाली: रंग, मग वाळू, मग मऊ गाळ. नवं ते खाली आणि जुनं ते वर.

अख्खी ओळच उलटी होती.

"ठके," आक्का सावकाश म्हणाली, "वरची बाजू कुठली हे तुला कसं कळतं?"

"लाल पट्टी असते ना. वरच्या टोकाला."

आक्काने बोटांवरची वाळू ताटलीत परत झटकली. एकही कण बाहेर पडू दिला नाही.

"काय गं? काही सुचलं का?" ठकीचे गोल डोळे एकदम लकाकले.

"काही नाही. गुडघा दुखतोय. निघते मी."

परतीच्या वाटेवर ती कट्ट्यावर टेकली ती बराच वेळ उठलीच नाही. तिला सगळं लख्ख कळलं होतं. घाण खाली आहे, वाळूखाली, झोपलेली. मशीन लावून उपसलं तर ती ढवळून वर येणार, पाण्यात मिसळून दोन्ही काठांना जाणार. आणि हे कोणालाही माहीत नव्हतं. तिने तोंड उघडलं नाही तर मशीन येईल, नाव येईल, आणि ती शाल पांघरून पलीकडे जाईल. ठकीलाही आज ना उद्या कळेलच म्हणा, ती सोडणारी नव्हे. पण आज ना उद्या म्हणजे कदाचित मशीन येऊन गेल्यावर. आक्काच्या मनात एक बारीक आवाज म्हणाला, तोवर एकदा जाऊन येशील.

स्वतःचाच आवाज तो. ओळखीचा होता, म्हणून जास्त लाज वाटली.

ती उठली, आणि वाट जरा लांबची पडली तरी लाँड्रीवरून गेली. एरवी संध्याकाळी तिथे उभं राहायला जागा नसायची. आज लाँड्रीवाला एकटाच इस्त्री करत होता. करत होता ते स्वतःच्याच घराचे पडदे.

"या आक्का," तो म्हणाला. "तुम्ही तरी आलात. कपडे नाही ना आणलेत? नाही, आणले असते तर मला वाटलं असतं दयेनं आणलेत."

"पडदे कशाला काढलेस रे? चांगले दिसत होते."

"इस्त्री थंड पडली की बिघडते. काहीतरी फिरवत राहायचं." त्याने पडद्याची कड जुळवली. "एक विचारू? तुम्ही तर मला लहानपणापासून बघता. मी नदीत काही सोडेन असं वाटतं तुम्हाला?"

आक्काने त्याच्या हातातला पडदा घेतला, दुसरं टोक धरलं आणि घडी घालायला लागली. "तू लहानपणी नदीत एकच गोष्ट सोडलीस," ती म्हणाली. "माझ्या घरची कळशी. आणि ती शोधायला स्वतःच उडी मारलीस." घडी झाली. "उद्या दुकान नेहमीसारखं उघड. बाकीचं मी बघते."

घरी पोचली तेव्हा ठकी ओसरीवर बसून होती, पुढ्यात कागदावर आडव्या रेघा मारलेल्या. आक्काने चप्पलही काढली नाही.

"ठके, तुझी नळी मी उलटी केली."

तिने सगळं सांगितलं. फडकं, पट्टी, उंदराचं औषध, लाल दोरा. मग वाळू, पूर, रिकामा कारखाना. ठकी रागावेल म्हणून तिने मान आधीच खाली घातली होती. ठकी उभी राहिली, तिने कागद उचलला आणि उलटा धरला. वरची रेघ खाली गेली. ती बघत राहिली आणि तिचा चेहरा असा उजळला की आक्काला तिची कीवच आली. कोणाला काय बातमी सुखाची वाटेल, सांगता येत नाही.

"सैल गाळ वर," ठकी पुटपुटली. "अर्थात. अर्थातच. आणि मी गाडीला दोष देत बसले." मग तिला भान आलं. "पण मावशी, मग नाव—"

"ते मला कळतं. मी काय उंटावरची शहाणी आहे?" आक्काने आता चप्पल काढली. "रागव की जरा. मला बरं वाटेल."

"रागवायचं कोणावर? नमुना घरात ठेवून गेले मी, ते पण तुझ्या घरात. तुझ्याकडे चिखल ठेवायचा म्हणजे मांजरापुढे दूध." ती पुन्हा कागदावर वाकली. "पण नुसत्या बोलण्यावर चालणार नाही. नवी नळी काढावी लागेल, त्याच जागी. आणि या वेळी माझ्यासमोर तू होडीत बसायचंस. हात मांडीवर ठेवून."

सकाळी कोवळ्या उन्हात आक्का चपट्या होडीत बसली. ठकीने बांबू मारला, सहकाऱ्याने नळी दाबली. या वेळी पट्टी लावण्याआधी ठकीने मोठ्यांदा विचारलं, "मावशी, हे टोक कुठलं?"

"वरचं, बाई, वरचं. साक्षीला सूर्य आहे."

ही नळी ओसरीवर आलीच नाही, थेट प्रयोगशाळेत गेली. ताटल्या पुन्हा मांडल्या गेल्या. वर करडी, मऊ, स्वच्छ. मग चमचमती वाळू. तिच्याखाली काळी, जांभळट, जड. यंत्रानेही तेच सांगितलं. गाळ उपसायचा नाही, ढवळायचा नाही, आहे तसा झोपू द्यायचा.

नगरपालिकेने बोलावलेल्या गल्लीच्या सभेत आक्का स्वतः उठून बोलली. तिने नळीची गोष्ट सांगितली, पट्टीसकट, आणि लोक हसले. मग तिने लाँड्रीवाल्याचं नाव घेतलं, तेव्हा हसू थांबलं. ती काही जास्त बोलली नाही. "त्याच्याकडे माझे पडदे टाकलेत," एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी शिंपी आपले सगळे शर्ट घेऊन तिथे उभा होता. "रंग गेला तरी चालेल," तो लाँड्रीवाल्याला म्हणाला, "फक्त नदीत नको, पायजम्यात जाऊ दे."

मशीनचं काम रद्द झालं. आक्काने शाल पेटीत ठेवली. रोजच्यासारखी सकाळी मागच्या दाराशी आली, पण गाळाला शिवी द्यायला तोंड उघडेना. इतकी वर्षं ज्याला ती बसल्या जागी शिव्या घालत होती, तो खालच्या घाणीवर गोधडीसारखा पसरून पडला होता. "बस बाबा," ती म्हणाली. "बस तसाच."

पायऱ्यांशी ठकी होडी बांधत होती. तिला काठाकाठाचे आणखी नमुने हवे होते. हा जांभळा थर कुठवर गेलाय, ते बघायचं होतं. आक्का तिच्याकडे बघत उभी राहिली. होडी शेवटच्या पायरीला लागली होती. अगदी टेकून. पत्र्याचा हलका आवाज झाला, जुन्या नावेसारखा नव्हे, पातेलं ओट्यावर ठेवावं तसा.

"ठके," आक्का म्हणाली, "या होडीला पाणी किती लागतं गं?"

"वीतभर. बूड चपटं आहे ना. गाळाला लागत नाही, म्हणून तर आम्ही…"

ठकी बोलता बोलता थांबली. दोघींनी आधी होडीकडे बघितलं, मग पाण्याकडे, मग समोरच्या काठाकडे. तिथे कठड्यावर पिवळा पंचा वाऱ्याने हलत होता.

"काखेत कळसा," आक्का म्हणाली, "आणि नगरपालिकेला वळसा."

"सरकारी होडी आहे, मावशी. त्यात माणसं न्यायची नसतात." ठकीने डोकं खाजवलं. या वेळी मात्र तोंड सुरळीसारखं नव्हतं. "पण समोरच्या पायऱ्यांखालचा नमुना मला घ्यायचाच आहे. आणि वरची बाजू कुठली हे सांगायला साक्षीदार लागतो, हे आता सिद्धच झालंय."

आक्का घरात गेली. शाल घेतली, खिडकीतला निळा पंचा काढून तोही बरोबर घेतला आणि ठकीचा हात धरून होडीत उतरली. बांगड्या स्वतःहूनच काढून पदराच्या गाठीत बांधल्या. सहकाऱ्याने बांबू रेटला. गाळाचा एक बारीक ढग उठला आणि लगेच खाली बसला.

मध्यावर आल्यावर तिने निळा पंचा हातात धरून हलवला. समोर बराच वेळ काही हललं नाही. मग दारात काठी दिसली, काठीमागून धाकटी, एका हाताने चौकट धरून. ती काहीतरी ओरडली. एवढ्या लांबून शब्द कळला नाही, पण आक्काला माहीत होतं, ती "काय?" म्हणत असणार.

"तिच्या पायऱ्यांखाली काय निघेल गं?" आक्काने विचारलं. "तिकडे पण जांभळा असेल?"

"ते बघितल्याशिवाय कसं सांगू?"

"मी सांगते," आक्का म्हणाली आणि वाकून पाण्यात बघायला लागली. "पैज लाव. हिरवा."